जुन्या कूलरचं खुराडं : दहा गावरान कोंबड्या, हजार-दीड हजारात जमेल का?

बोरीकाठ | ९ जानेवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठाला गाव. कापूस, मका, थोडा भुईमूग. आईनं यंदा कोंबड्यांचं मनावर घेतलंय. संक्रांत झाली की मावशीकडून सात तलंगा (अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या) आणि एक कोंबडा यायचाय, पुढे दहा-बारा होतील असं धरलंय. दिवसभर खळ्यात मोकळ्या चरतील, फक्त रात्री कोंडायच्या. अंडी घरात खायची, उरली तर शेजारीपाजारी.

तयार पिंजरा बघून आलो. साडेपाच हजार सांगितले. रंग झकास, खाली चाकंसुद्धा. पण जाळीला बोट लावलं तर आत वाकत होती, आणि आमच्या खळ्यात चाक फिरणार तरी कुठं! परत येताना भंगारच्या दुकानाशी गाडी थांबवली आणि डोक्यात किडा वळवळला. आपल्याकडे भंगारात काय ढिगानं पडलेलं असतं? कूलर. लोखंडी, टाकी सडलेली, मोटार आधीच कोणीतरी काढून नेलेली. एक मोजला. दोन बाय दोन, उंची साडेतीन फूट. वर पत्रा, तीन बाजूंना झडपांचे पडदे, समोर पंख्याचं गोल भोक. म्हटलं हे तर बांधून ठेवलेलं खुराडंच, फक्त कोंबड्या नाहीत. वजन भरलं २२ किलो, भाव ३२ रुपये किलो. दोन घेतले तर १,३०० ला सोडतो म्हणाला.

विचार असा की दोन सांगाडे पाठीला पाठ लावून जोडायचे, मधले पडदे काढून टाकायचे. आत चार बाय दोनची जागा होते. कोणी केलंय का असं? दहा मावतील? आणि उन्हाळ्याचं काय करायचं? फोटो जोडतोय.

केळीवाला | ९ जानेवारी, रात्री १०:१५

फोटो दिसत नाहीत, लिंक पब्लिक करा.

बाकी डोकं भारी चालवलं रे भो. पण पत्रा तापला म्हणजे? आमच्या यावल-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लोखंडाला हात लावू देत नाही. कोंबड्या पाळून राह्यला का भाजून राह्यला तू?

सरळसोट | ९ जानेवारी, रात्री १०:५२

कोंबडीले बंगला कसाले पाहिजे भो? आमना घर तीस वरीस कोंबड्या व्हत्यात. राती निंबवर बसेत, सकायले उतरेत. एक रुपया खर्च नही.

साक्रीकर | १० जानेवारी, सकाळी ६:३०

@सरळसोट, निंबावर संक्रांतीला किती बसायच्या आणि पोळ्याला किती उरायच्या, तेही सांगा की.

सरळसोट | १० जानेवारी, सकाळी ७:०५

ते इचारू नका 😀

साक्रीकर | १० जानेवारी, सकाळी ७:४८

बोरीकाठ, दहा वर्षांत चार खुराडी बांधली, त्यातली तीन स्वतःच मोडली. म्हणून थोडं लांबण लावतो.

रात्रीपुरतं कोंडायचं असेल तर एका गावरान कोंबडीला एक चौरस फूट धरा. पण झडीच्या पावसात किंवा रोगाची साथ असताना दिवसभर कोंडायची वेळ येते, तेव्हा दोन फूटही कमीच वाटतात, एकमेकींची पिसं उपटतात. तुमचे भरतात आठ चौरस फूट. आठ आरामात, दहा दाटीनं, बारा नको.

कोंबडी जमिनीवर झोपत नाही, तिला दांडी लागते. सरळसोट यांच्या कोंबड्या निंबावर जायच्या त्या हौसेनं नव्हे. एकीला सहा ते आठ इंच दांडी हवी. चार फुटी दोन लावल्या की तुमचं काम झालं. जाडी दीड ते दोन इंच, नखं नीट वळून धरता आली पाहिजेत. लोखंडी पाइप लावू नका, निसरडा असतो आणि थंडीत बर्फ होतो. बाभळीची किंवा निंबाची फांदी सोलून घ्या. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवा. एक वर एक खाली लावली की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी तमाशा, आणि खालच्यांच्या अंगावर रात्रभर वरचा प्रसाद.

अंड्याचा खोका एक फूट लांब, रुंद, उंच. चार-पाच जणींत एक पुरतो. तो दांडीपेक्षा खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात हवा. दांडीहून उंच ठेवला तर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडं घाणीत सापडतं.

आता जाळी. सगळे इथंच फसतात. षटकोनी मुर्गाजाळी स्वस्त असते, पण ती कोंबडी बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी. बाहेरच्यानं आत येऊ नये याला ती उपयोगाची नाही. कुत्रं दातानं फाडतं. वेल्डेड जाळी घ्या, अर्धा इंची.

चाळीसगाव_पॅसेंजर | १० जानेवारी, सकाळी ९:२०

एक इंची वेल्डेड बरीच स्वस्त पडते की. अर्ध्या इंचातून असं कोण येणार?

साक्रीकर | १० जानेवारी, सकाळी ९:४१

प्रश्न एक इंचातून कोण येतं हा आहे. साप आणि उंदीर. अंडं टरफलासकट गायब झालं तर साप समजा. टरफलं फुटून पडलेली असतील तर दुसरं कोणीतरी, कधी कोंबडीच.

तापीची_लेक | १० जानेवारी, दुपारी १:१०

माहेर शिरपूरकडचं, आता पुण्यात चौथ्या मजल्यावर, त्यामुळे माझा सल्ला फुकटचा. पण धागा वाचून आजीचं डालं आठवलं. बांबूच्या कामट्यांचं, घुमटासारखं, वर हात घालण्यापुरतं भोक. दिवेलागणीला आजी हातातल्या सुपात ज्वारीचे दाणे खुळखुळवायची, त्या आवाजानं सगळ्या यायच्या. मोठ्या कोंबड्या जिन्याखालच्या मातीच्या खुराड्यात आणि पिल्लंवाली डाल्याखाली, वर पाटा ठेवलेला. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, हातभर जाड पांढऱ्या मातीच्या भिंती. बाहेर आग पाखडत असली तरी जिन्याखाली गारवा. त्या भिंती पाडून सिमेंटच्या केल्या तेव्हा घरापेक्षा कोंबड्यांचेच हाल जास्त झाले, हे आजीचं मत. तिला त्या बंगल्यात कधीच बरं वाटलं नाही.

बोरीकाठ, तुमचं घर धाब्याचं असेल तर कूलर कशाला, जिन्याखाली बघा.

बोरीकाठ | १० जानेवारी, दुपारी २:३०

ताई, धाबं तीन वर्षांपूर्वीच उतरवलं. आता स्लॅब. जिन्याखाली माझी मोटरसायकल.

गुरांचा_डॉक्टर | १० जानेवारी, रात्री ८:५५

मी धुळे जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. कूलरची कल्पना चांगली आहे. झडपांमुळे हवा खेळती राहील, फक्त थंडी वाजेल म्हणून त्यांवर प्लॅस्टिक ठोकू नका. कोंबडीला थंडीपेक्षा कोंडलेली हवा जास्त बाधते. सकाळी दार उघडल्यावर स्वतःचं डोकं आत घाला. डोळे चुरचुरले तर विष्ठेचा अमोनिया साठतोय, हवा वाढवा आणि खालचं तूस बदला.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, जाळीच्या बाजू उत्तर-दक्षिण येतील. मग दुपारनंतरचं ऊन फक्त अरुंद टोकावर येतं.

जुन्या पत्र्याच्या सांध्यांत लाल पिसवा घर करतात. दिवसा फटीत, रात्री कोंबडीच्या अंगावर, म्हणून दिसत नाहीत. कोंबडी संध्याकाळी खुराड्यात जायला तयार नसेल तर आधी दांडीची टोकं तपासा. रिकामं असतानाच सगळ्या फटींत चुना भरून घ्या. अंगणात राख-मातीचा खड्डा ठेवा, त्या स्वतःच लोळतात.

आणि पिंजऱ्याच्या नादात लस विसरू नका. खुराडं हजाराचं असो की साडेपाच हजाराचं, मानमोडी (राणीखेत रोग) आली की आठ दिवसांत रिकामं होतं. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी तिची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही त्याच रोगाची दुसरी लस टोचून. ही लहान पिल्लांना द्यायची नाही. लासोटाची बाटली शंभराच्या वर मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी ठरवा. आणताना थर्मासात बर्फ हवाच. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

कळण्याची_भाकरी | १० जानेवारी, रात्री ९:३०

अवांतर : मी फक्त रस्सा कधी आहे ते विचारायला आलो.

बोरीकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

झालं एकदाचं. फोटो आता दिसतील बहुतेक.

मधले पडदे काढून दोन सांगाडे बोल्टनं जोडले. कूलरचेच दोन जुने स्टँड भंगारवाल्यानं दोनशेत दिले, त्यामुळे खुराडं जमिनीपासून दोन फूट वर आलं. पडद्यांतलं जुनं गवत काढलं. त्यातून एवढी धूळ निघाली की आई शिंकत शिंकत घरात गेली. गवताच्या जागी आतून अर्धा इंची जाळी तारेनं बांधली. तीन फूट रुंद, दहा फूट लांब तुकडा, ७२० रुपये. एका टोकाची पंख्याची जाळी बिजागरीवर बसवून तिचंच दार केलं, मागून वेल्डेड जाळी लावली. कोंबड्या त्या गोल भोकातून आत-बाहेर करतात, खाली पट्ट्या ठोकलेली फळी. दुसऱ्या टोकाचं भोक जाळीनं बंद. वेल्डिंगवाल्यानं साडेतीनशे घेतले, बिजागऱ्या, कडी-कोयंडा, नटबोल्ट १३०. एकूण २,७००. दीड हजारात बसलं नाही, कबूल.

सगळ्यात कामाची निघाली ती सडलेली टाकी. तिला सहा इंचांचा काठ आहे, त्यात भुईमुगाची टरफलं पसरली. पायानं उकरतात, पण बाहेर काही सांडत नाही. आणि जे भोक पडून टाकी भंगारात गेली, तेच आता धुवायच्या दिवशी पाणी जायला.

गल्लीतली पोरं म्हणतात, कोंबड्यांना कूलर लावला.

साक्रीकर | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

छान. एक विचारू? बाजूचे पडदे कसे बसवलेत? कूलरला ते वर खुंटीत अडकवलेले असतात.

बोरीकाठ | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

तसेच आहेत. सफाईला काढता येतात, उलट सोयीचं आहे.

बोरीकाठ | २ मार्च, सकाळी ८:२०

आज पहाटे कोंबडा आरवला नाही. आईनं मला उठवलं ते त्याच कारणानं. बॅटरी घेऊन गेलो तर उत्तरेकडचा एक पडदा खाली फळीजवळ पडलेला, पालथा. जाळी जशीच्या तशी, एक तार तुटलेली नाही. आत कोंबडा आणि चार कोंबड्या टरफलांवर पडलेल्या. मानेवर दोन-दोन टोचे, बाकी अंगाला धक्का नाही. त्यातलीच एक कोंबडी दांडीखालून थोडी ओढून नेलेली, तिचं पोट खाल्लेलं. उरलेल्या तिघी पलीकडच्या टोकाला दांडीवर चिकटून बसलेल्या. मी आत हात घातला तरी हलल्या नाहीत.

आई काही बोलली नाही. पाचही खड्ड्यात पुरले, वरून चुना टाकला. मुंगसानं दावा साधला. साक्रीकर, तुम्ही विचारलं होतं, मी ऐकलं नाही.

सरळसोट | २ मार्च, सकाळी ८:४५

वाईट वाटनं भो. निंबवरन्या बी अशाच गयात, म्हनीसन त्या दिनले हिशोब सांगा नही.

धडगावचा_पाहुणा | २ मार्च, सकाळी १०:३०

वाईट झालं. पण मुंगसाला उगाच फाशी देऊ नका. मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी, रात्री बिळात झोपतो. आमच्याकडे सातपुड्यात मुंगूस पिल्लू उचलतं ते भर दुपारी, माणसं शेतावर असताना. रात्री पडदा पाडून आत शिरणारा वेगळा. रानमांजर, जवादी मांजर, किंवा गावातलाच माजलेला बोका.

आज रात्री खुराड्याभोवती चाळलेली राख पसरा. जो आला होता तो आज पुन्हा येतो, मेजवानी अर्धी राहिली ना. सकाळी पाऊल बघा. पाच बोटं आणि पुढे नखांचे टिंब दिसले तर मुंगूस किंवा जवादी. चार बोटं, गोल पाऊल, नखं नाहीत, तर मांजराची जात.

बोरीकाठ | ३ मार्च, सकाळी ६:५०

चार बोटं. गोल. नखं नाहीत. दोन चकरा मारल्यात, पडद्याखाली उभं राहून पंजे पत्र्याला लावलेत, तिथली धूळ पुसली गेलीय. तिघी रात्री घरात, टोपलीखाली होत्या.

शेजारच्या काकूंना सहज म्हटलं, तर त्या म्हणाल्या, आमचा बोका तसा नाही. मी बोक्याचं नावही घेतलं नव्हतं.

तापीची_लेक | ३ मार्च, सकाळी ९:००

😀😀 काकू स्वतःच उभ्या राहिल्या की साक्षीला.

साक्रीकर | ३ मार्च, सकाळी ९:३५

बोका असो की वाघ, तुमचा पडदा त्याला दार वाटला. खुंटीत अडकवलेली वस्तू खालून वर ढकलली की निघते, आपण सफाईला तशीच काढतो ना. आता प्रत्येक पडद्याला चार कोपऱ्यांवर छिद्र पाडून नट-बोल्ट लावा. सफाईसाठी एकच पडदा काढता येईल असा ठेवा, त्याला फुलपाखरी नट, म्हणजे पाना शोधत बसावं लागत नाही. दाराला कडी एकच असेल तर खाली दुसरी लावा. नुसती कडी सरकते, तिच्यात खिळा अडकवा.

काम झालं की संध्याकाळी एकदा खुराडं हातानं तपासा. मी प्रत्येक कोपरा मुठीनं ढकलून बघतो. मूठ नाही पण तीन बोटं घुसली, तरी ती फट मोठी समजायची. नाक गेलं की डोकं जातं, डोकं गेलं की धड.

आणि दोन फूट उंच स्टँडवर भरवसा ठेवू नका. तो ओल आणि घुशींसाठी. मांजराला दोन फूट म्हणजे ओटा चढण्यासारखं. खुराडं जमिनीवर टेकलेलं असेल त्यांनी भोवताली एक फूट जाळी आडवी अंथरून वर दगड-माती टाकावी. उकरणारा भिंतीलगत उकरतो आणि जाळी लागली की सोडून देतो. मागं सरकून उकरायची अक्कल त्याला नसते.

चाळीसगाव_पॅसेंजर | ११ मार्च, दुपारी १२:४०

धागा वाचून मलाही चेव आलाय. नवापूरकडे पोल्ट्रीतले वापरलेले पिंजरे स्वस्तात मिळतात असं एकानं सांगितलं. तीन-तीन कप्प्यांचे, पुढे अंडी घरंगळत येणारे. घेऊ का? भंगारापेक्षा तयार काम.

रंगावलीकर | ११ मार्च, रात्री ८:१५

नवापूरचाच आहे म्हणून लिहितो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या गावात निघाला. मी तेव्हा शाळेत होतो. पांढऱ्या झग्यातली माणसं, जेसीबीनं खोदलेले खड्डे, लाखो कोंबड्या पुरल्या, आणि घरोघरी अंगणातल्या दोन-चार कोंबड्याही उचलून नेल्या. आमच्याही तीन होत्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. आमच्याकडे बऱ्याच घरांचं पोट कोंबडीवर चालतं, त्यामुळे त्या दिवसांत गावात बोलणंच बंद होतं.

वापरलेला पिंजरा घेऊ नका असं नाही, पण आणून त्याच दिवशी कोंबड्या घालू नका. आधी खरवडून विष्ठेचा कण न् कण काढा. घाणीवर औषध मारून उपयोग नसतो. मग सोड्याच्या पाण्यानं धुवा, जंतुनाशक मारा, आणि पंधरा दिवस कडक उन्हात पडू द्या. ऊन तर आपल्याकडे फुकट. जिथून आणलाय तिथल्या चपला-बूट थेट खळ्यात नेऊ नका. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर गुपचूप पुरू नका, गुरांच्या दवाखान्यात कळवा.

गुरांचा_डॉक्टर | ११ मार्च, रात्री ९:२०

रंगावलीकर यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. भर एवढीच की ते पिंजरे पांढऱ्या अंड्यावाल्या हलक्या कोंबड्यांच्या मापाचे असतात. एका कप्प्यात तीन-चार कोंबड्या, पंख पसरायला जागा नाही. गावरान कोंबडीला तिथं टाकलं तर ती आठवडाभर जाळीवर डोकं आपटते. उकरणं, लोळणं, दांडीवर चढणं हा तिचा दिवसाचा धंदा असतो.

चाळीसगाव_पॅसेंजर | ११ मार्च, रात्री ९:५०

ठीक आहे, कूलरच शोधतो.

बोरीकाठ | १८ एप्रिल, दुपारी ३:१०

केळीवाला भाऊ, तुम्ही जानेवारीत बोलला होता ते आता झालं. मावशीनं आणखी चार तलंगा आणि गावातून एक कोंबडा, असे सध्या आठ आहेत. पडदे नटबोल्टनं आवळले, बोका येऊन नुसता बसून जातो. पण ऊन! आत्ता ओट्याच्या सावलीत ४३, खुराड्यात ४७. कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात. अंडी द्यायला आत जातच नाहीत, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) ढिगात घालतात, मग आई दिवसभर अंडी शोधत फिरते. आणि कवच पातळ, काल दोन हातातच फुटली. शिंपल्याचा चुरा देतोय तरी.

गुरांचा_डॉक्टर | १८ एप्रिल, दुपारी ४:००

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग गार करते. जास्त धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला जे लागतं तेच कमी पडतं. म्हणून चुरा देऊनही कवच पातळ. इथं औषध सावली आणि पाणी. माठातलं पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, दुपारी बदला. दाणे पहाटे आणि ऊन कलल्यावर टाका, भर दुपारी पोट भरलं की अंगात उष्णता वाढते.

केळीवाला | १८ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

आता ऐका. एक, उचला आणि निंबाखाली न्या, स्टँडवर आहे तर चार माणसांचं काम. दोन, वरच्या पत्र्याला चुना मारा, त्यात थोडा फेविकॉल टाका म्हणजे पहिल्या वळवानं धुऊन जात नाही. तीन, त्याच्यावर वीतभर जाडीची केळीची वाळकी पानं किंवा तुमच्याकडे पऱ्हाट्या असतील त्या आडव्या-उभ्या रचा. पत्रा आणि पऱ्हाटीमध्ये हवा राहिली पाहिजे.

आणि चार. भो, तुझ्याकडे कूलर आहे. पडद्यांत गवत घालायची जागा आहे. मग घाल ना! दोन रुंद बाजूंना बाहेरून नवीन गवत लाव, बारा वाजता आणि तीन वाजता बादलीभर पाणी मार. पंखा नसला तरी आपल्या कोरड्या झळीत गवतातून आलेली हवा गारच लागते. आम्ही लहानपणी खिडकीला वाळा बांधून झोपायचो, तेच हे.

गुरांचा_डॉक्टर | १८ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

चालेल, पण दोन अटी. खालची टरफलं ओली होता कामा नयेत, नाहीतर रक्ती हगवण पाहुणी येईल. आणि मृगाच्या आसपास हवा दमट झाली की गवत लगेच काढा. तेव्हा ते गारवा देत नाही, फक्त बुरशी देतं.

बोरीकाठ | २६ एप्रिल, रात्री ९:३०

केलं सगळं. निंबाखाली, वर चुना, त्यावर पऱ्हाट्या, दोन बाजूंना ९० रुपयांचं कूलरचं गवत. पाणी मारायला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा वरून ताणला, खिळ्यानं भोकं पाडली आणि घरच्या पाण्याच्या टाकीच्या तोटीला जोडला. नळी थोडी बाहेर ठेवली म्हणजे गवतातून निथळणारं पाणी कूलरच्या टाकीच्या काठाबाहेर पडतं, टरफलं कोरडी. दुपारी दोनला बाहेर ४४, आत ३९. आज खोक्यात तीन अंडी.

म्हणजे भंगारातून कूलर आणला, त्याचं खुराडं केलं, आणि दोन हजार सातशे खर्चून शेवटी पुन्हा कूलरच झाला. वडील म्हणतात मोटार तेवढी बसव आणि आम्हालाच झोपू दे तिथं.

तापीची_लेक | २६ एप्रिल, रात्री १०:०५

हे वाचून मी खरंच मोठ्यानं हसले, शेजारी काय झालं विचारायला आले.

धडगावचा_पाहुणा | ९ जून, सकाळी ७:२०

पाऊस तोंडावर आलाय. गवत काढलं का? झडपांतून वाऱ्याचा पाऊस आत जाईल. पावसाच्या बाजूला ताडपत्री पूर्ण खाली सोडू नका, वरून छज्जासारखी पुढे काढा आणि खालचा हातभर भाग मोकळा ठेवा.

बोरीकाठ | ११ जून, रात्री ८:४०

गवत काढलं. ताडपत्री तशीच लावतो. एक तांबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली तेरा अंडी मांडलीत. आत बल्ब लावावा का पिल्लं निघाल्यावर?

साक्रीकर | ११ जून, रात्री ९:००

खुडूक कोंबडी असताना बल्ब कशाला? आईच्या पंखाखाली लाईट जात नाही. आपल्याकडची वीज रात्री कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि लोखंडी सांगाड्यात वायर सोडणं तर मुळीच नको. पावसात एखादा जोड ओला झाला तर कोंबडीच्या आधी तुमचा हात चिकटेल. तिला वेगळ्या कोपऱ्यात, जमिनीलगत बसवा. बाकीच्या कोंबड्या मध्ये मध्ये करतात.

बोरीकाठ | ५ जुलै, रात्री ९:१५

तेरातून अकरा. एकविसाव्या दिवशी दुपारपासून सुरू झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी आई परातीत हळद-कुंकू घेऊन खुराड्यासमोर उभी. लस परवा, गल्लीतल्या पाच घरांची मिळून एक बाटली. थर्मास माझा, बर्फ काकूंच्या फ्रिजमधला. बोक्याचा विषय कोणी काढला नाही.

तापीच्या लेकीबाई, तुमच्या आजीचं डालं आणलं. आठवडी बाजारात, १८० रुपये. दुपारी कोंबडी आणि पिल्लं त्याच्याखाली, वर पाट्याऐवजी मोटरसायकलचा जुना टायर. वाऱ्यानं हलत नाही.

चाळीसगाववाल्यांना सांगायचं होतं. काल तिसऱ्या सांगाड्यासाठी त्याच भंगारवाल्याकडे गेलो. मागच्या वेळी दोनाचे १,३०० घेतले होते, आता एकाचे ९०० सांगतो. म्हटलं का रे? म्हणे, भाऊ, हा कोंबडीचा कूलर आहे, याला आता गिऱ्हाईक आहे. या महिन्यात तिघं घेऊन गेले.

चाळीसगाव_पॅसेंजर | ५ जुलै, रात्री ९:३२

तिघांत मी एक. साडेआठशेला पडला.

सरळसोट | ५ जुलै, रात्री ९:५०

मन्हासाठी एक थांबाडी ठेव रे भो. निंब मागला आठवडामा वारानं पडना.